‘केव्हा’चा विसर : खिडक्यांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या नवशिक्यांच्या प्रश्नांची चिकित्सा

१

कोणत्याही विद्येच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांची परीक्षा करावयाची झाल्यास त्या पुस्तकांतील उत्तरांपेक्षा ती वाचून विद्यार्थ्यांस पडणारे प्रश्न पाहणे अधिक फलदायी ठरते. ग्रंथकाराने काय सांगितले हे ग्रंथावरून कळते. त्याने काय सांगावयाचे राहून गेले हे विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून कळते. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, बटणे व मजकुराच्या चौकटी मांडून चालणारे जे प्रोग्राम, ज्यांस ‘डेस्कटॉप ॲप्लिकेशन’ म्हणण्याचा प्रघात आहे, ते लिहावयास नुकताच आरंभ केलेल्या विद्यार्थ्यांचे काही प्रश्न ठरलेले असतात. भाषा बदलली, साधने बदलली, तरी प्रश्न बदलत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा आणि त्यांस दिल्या जाणाऱ्या उत्तरांचा विचार करावयाचा आहे.

हा विषय केवळ बालबोध म्हणून बाजूस सारण्याजोगा नव्हे. ब्रॅड मायर्स व मेरी बेथ रॉसन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, प्रोग्रामच्या एकंदर मजकुरापैकी सरासरी ४८ टक्के भाग वापरणाऱ्याशी होणाऱ्या संवादासाठी खर्ची पडतो, असे आढळून आले होते. ज्या भागावर निम्मे श्रम पडतात, त्या भागाचा पाया विद्यार्थ्याच्या मनात कसा घातला जातो, हे पाहणे अगत्याचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी मुख्य उदाहरणे पायथन भाषेतील ‘टीकिंटर’ या साधनाची घेतली आहेत. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल या आपल्या भाषेकरिता ‘टीके’ नावाचा संच रचला; टीकिंटर हे त्याचेच पायथनमधील रूप होय. ते पायथनबरोबरच येत असल्यामुळे आज पुष्कळ विद्यार्थ्यांची पहिली खिडकी याच साधनाने उघडते. तुलनेसाठी विंडोज, व्हिज्युअल बेसिक व जावा यांच्याकडेही वळावे लागेल.

प्रथमच आमचा सिद्धान्त सांगून ठेवतो. हे प्रश्न दिसावयास अनेक असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे, आणि तो काळाविषयीचा आहे. खिडकीच्या प्रोग्रामला दोन काळ असतात. खिडकी मांडावयाची, बटणे बसवावयाची, कोणते बटण दाबले असता काय करावयाचे हे नोंदवून ठेवावयाचे, हा एक काळ. त्यास ‘रचनाकाल’ म्हणू. पुढे वापरणारा माणूस येऊन बटण दाबतो, अक्षरे टंकतो, खिडकी मिटतो, हा दुसरा काळ. त्यास ‘प्रसंगकाल’ म्हणू. विद्यार्थी हे दोन काळ एकच समजतो, आणि पाठ्यपुस्तके त्याचा हा समज मोडण्याऐवजी बहुधा झाकून ठेवतात.

२

आता प्रश्न एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न असा : ‘मी खिडकी निर्माण करण्याची आज्ञा दिली, चूक काही दाखविली जात नाही, पण खिडकी दिसत नाही.’ उत्तर ठरलेले आहे : शेवटी ‘मेनलूप’ ही आज्ञा लिहा. विद्यार्थी ती लिहितो, खिडकी दिसते, प्रश्न मिटतो. परंतु मेनलूप म्हणजे काय, हे त्यास कळलेले नसते. ‘खिडकी दाखविण्याची आज्ञा’ असा त्याचा अर्थ तो करतो, आणि हा अर्थ चुकीचा आहे. मेनलूप म्हणजे रचनाकाल संपल्याची व प्रसंगकाल सुरू झाल्याची खूण. त्या ओळीपाशी प्रोग्राम थांबतो, आणि खिडकी मिटेपर्यंत ‘काही घडले काय? घडले असल्यास त्यासाठी नोंदविलेले फंक्शन कोणते?’ एवढेच काम तो फिरून फिरून करीत राहतो. या गोंधळात भर अशी की पायथनबरोबर मिळणाऱ्या ‘आयडल’ या संपादकात आज्ञा एकेक करून दिल्यास मेनलूपवाचूनही खिडकी उमटते. कारण आयडल स्वतःच पडद्याआड सेकंदास सुमारे २० वेळा खिडकीची खबर घेत असतो. एकाच ओळीने एका ठिकाणी खिडकी दिसते व दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही, हे पाहून विद्यार्थ्याने यंत्रास लहरी ठरविले तर त्यास दोष कसा द्यावा?

दुसरा प्रश्न याहून बोलका आहे : ‘बटण दाबण्यापूर्वीच माझे फंक्शन चालते, आणि दाबल्यावर मात्र काहीच होत नाही.’ येथे विद्यार्थ्याने बटण बसविताना फंक्शनच्या नावापुढे कंसांची जोडी लिहिलेली असते. कंस लिहिले म्हणजे ‘आत्ता कर’ असा अर्थ होतो. नुसते नाव लिहिले म्हणजे ‘वेळ येईल तेव्हा करावयाचे ते हे’ असा होतो. ‘कंस काढून टाका’ हे उत्तर बरोबर आहे; पण ते एवढ्यावरच थांबल्यास लेखनदोषाच्या दुरुस्तीहून त्याची किंमत अधिक होत नाही. विद्यार्थ्याची चूक कंसांची नाही, काळाची आहे. जे प्रसंगकालात व्हावयाचे ते त्याने रचनाकालातच करून टाकले, आणि त्याचा जो परिणाम हाती आला, बहुधा रिकामाच, तो बटणाच्या स्वाधीन केला. याचा पुरावा असा की हाच विद्यार्थी पुढे, ठरावीक वेळाने काम करविणारी ‘आफ्टर’ ही आज्ञा वापरताना पुन्हा कंस लिहितो, आणि ‘एक सेकंद थांबावयास सांगितले असता प्रोग्राम थांबत का नाही?’ असा नवा प्रश्न विचारतो. नियम त्यास पाठ असतो. त्याचे कारण ठाऊक नसते.

तिसरा प्रश्न : ‘चौकटीतील मजकूर मी वाचतो, पण तो नेहमी रिकामाच येतो.’ प्रोग्राम पाहावा तर मजकुराची चौकट मांडल्यानंतरच्या दुसऱ्याच ओळीत तिच्यातील मजकूर वाचलेला असतो. वापरणाऱ्याने अद्याप चौकट पाहिलेलीही नसते, मग तो टंकणार केव्हा? ज्या विद्यार्थ्याने आजवर ‘नाव विचार, उत्तर येईपर्यंत थांब, मग पुढे जा’ अशा सरळ चालीचे प्रोग्राम लिहिले, त्यास ‘विचारणे’ आणि ‘उत्तर येणे’ या दोन ओळींमध्ये थांबणे आपोआप घडते असे वाटणे स्वाभाविक आहे. खिडकीच्या प्रोग्रामात हे थांबणे त्या जागी नसते. ते सगळे मेनलूपमध्ये जाऊन बसलेले असते.

चौथा प्रश्न : ‘मी दहा बटणे एका फेऱ्यात निर्माण केली, प्रत्येकाने आपापला आकडा सांगावयास हवा, पण सगळीच शेवटचा आकडा सांगतात.’ पायथनमध्ये अशा वेळी लिहिलेले छोटे फंक्शन आकडा साठवीत नाही. आकडा ज्या नावाखाली ठेवला आहे ते नाव मात्र लक्षात ठेवते. बटण दाबले जाते तोवर फेरा कधीच संपलेला असतो आणि त्या नावाखाली अखेरचा आकडा उरलेला असतो. आकडा रचनाकालातच पक्का बांधून ठेवण्याची युक्ती पुस्तकांत दिलेली असते, पण तिच्या जोडीस ही काळाची मीमांसा क्वचितच आढळते.

पाचवा प्रश्न सर्वांत चमत्कारिक वाटतो : ‘चित्र दाखविणारा माझा मजकूर फंक्शनच्या बाहेर चालतो, फंक्शनमध्ये घातला की चित्राची जागा कोरी राहते.’ कारण असे की फंक्शन संपताच त्याच्या आतील नावे लोपतात; ज्या वस्तूस कोणतेही नाव उरले नाही ती पायथन निकालात काढतो; आणि चित्राची वस्तू गेली की टीकेकडील चित्रही जाते. खिडकीवरील पट्टी राहते, चित्र राहत नाही. येथेही फंक्शनचे आयुष्य क्षणभराचे आणि खिडकीचे आयुष्य दीर्घ, हा भेद विद्यार्थ्याच्या ध्यानी आलेला नसतो. ‘चित्र एखाद्या टिकाऊ नावाने धरून ठेवा’ हे उत्तर त्यास जादूटोण्यासारखे वाटते, आणि तो ते तसेच वापरतो.

या पाचही ठिकाणी विद्यार्थी ‘काय लिहू?’ आणि ‘कोठे लिहू?’ असे विचारतो. ‘हे केव्हा घडते?’ असे तो विचारीत नाही, कारण असा प्रश्न विचारता येतो याची त्यास कोणी जाणीवच करून दिलेली नसते.

३

हा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा नव्हे. त्यास इतिहास आहे. ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांच्या सी भाषेवरील १९७८ च्या ग्रंथाने पहिला प्रोग्राम कसा असावा याचा आदर्श घालून दिला : पाचसहा ओळी, आणि पडद्यावर एक छोटेसे अभिवादन. त्या प्रोग्रामात रचनाकाल व प्रसंगकाल असा भेदच नाही. वरून खाली वाचीत जावे, त्याच क्रमाने घडत जाते. तिथे कर्ता प्रोग्राम असतो. वापरणारा माणूस, विचारल्यास उत्तर देणारा.

विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ च्या नोव्हेंबरात आली, आणि चार्ल्स पेट्झोल्ड यांचा ‘प्रोग्रामिंग विंडोज’ हा ग्रंथ १९८८ साली. पेट्झोल्ड यांच्या ग्रंथात तेच अभिवादन खिडकीत दाखवावयास ऐंशीच्या आसपास ओळी लागतात. या लांबीची पुष्कळ थट्टा झाली, पण आमच्या मते त्या ओळींत एक प्रामाणिकपणा आहे. येथे फेरा उघड्यावर आहे : निरोप घे, त्याचे रूपांतर कर, तो ज्याचा त्यास पोचव, पुन्हा निरोप घे. खिडकीचे फंक्शन आपण लिहितो, पण त्यास हाक मारणारे आपण नसतो, विंडोज असते, ही गोष्ट पेट्झोल्ड स्पष्टपणे मांडतात. दोष आहे तो प्रमाणाचा. हे मुख्य सत्य ज्या तक्त्यातून येते त्यास दहा रकाने आहेत. त्यांतील एकात त्या फंक्शनचा पत्ता भरावयाचा, आणि उरलेल्यांत चिन्ह, बाण, पार्श्वभूमीचा रंग इत्यादी. नवशिक्यास दहाही रकाने सारख्याच महत्त्वाचे वाटतात. तो पत्त्याचा रकाना म्हणजेच पुढे टीकिंटरमध्ये कंसांवाचून लिहावयाचे नाव, हा संबंध त्यास कोण दाखविणार?

१९९१ साली व्हिज्युअल बेसिक आले आणि पारडे दुसऱ्या बाजूस झुकले. त्यात फॉर्मवर बटण माउसने रेखाटावयाचे, त्यावर दोनदा टिचकी मारावयाची, की त्या बटणाचे नाव व ‘क्लिक’ हा शब्द यांच्या जोडाने बनलेले रिकामे फंक्शन लिहिण्यासाठी पुढे उघडते. वर दिलेल्या प्रश्नांपैकी पहिले दोन येथे उद्भवतच नाहीत, हे या साधनाचे मोठेच यश होय. रचनाकाल रेखाटनात गेला, प्रसंगकाल लेखनात राहिला. दोन काळांचा भेद हाताच्या कृतीतच उतरला. ज्यांचा प्रोग्रामलेखनाशी एरवी संबंध आला नसता अशा असंख्य लोकांनी यावर उपयुक्त प्रोग्राम लिहिले. तथापि फेरा पूर्णपणे दृष्टिआड गेला, आणि दृष्टिआड गेलेली वस्तू अडली म्हणजे ती का अडली हे सांगता येत नाही.

४

ती अडते कशी, हाच सहावा आणि सर्वांत वारंवार विचारला जाणारा प्रश्न : ‘काम सुरू केले की माझी खिडकी गोठते.’ टपाल कचेरीच्या खिडकीत एकच कारकून बसला आहे असे समजा. तिकिटे, मनीऑर्डर, रजिस्टर, सर्व कामे तोच करतो. प्रत्येक काम अर्ध्या मिनिटात उरकले तर रांग सुरळीत चालते. पण एखाद्याचे पार्सल शोधावयास तो स्वतःच उठून गोदामात गेला, तर खिडकी उघडी असूनही रांग ठप्प होते. खिडकीच्या प्रोग्रामातील फेरा हा असा एकटा कारकून आहे. बटणाच्या फंक्शनमध्ये दहा सेकंदांचे काम घातले की त्या दहा सेकंदांत खिडकी पुन्हा रंगविली जात नाही, दुसरे बटण दाबले जात नाही, खिडकी मिटताही येत नाही. विंडोज तर ५ सेकंद निरोप न उचलणाऱ्या खिडकीस प्रतिसादशून्य समजते.

यावर व्हिज्युअल बेसिकने ‘डूइव्हेंट्स’ आणि टीकेने ‘अपडेट’ ही आज्ञा दिली. लांब कामाच्या मधूनमधून ती लिहावी, म्हणजे साचलेले निरोप हातावेगळे होतात. खिडकी हलू लागते, आणि विद्यार्थी समाधान पावतो. पण त्या साचलेल्या निरोपांत त्याच बटणाची दुसरी टिचकीही असू शकते. तसे झाले तर पहिले काम अर्धवट असतानाच तेच काम दुसऱ्यांदा आरंभले जाते. एकच नोंद दोनदा साठविली जाते, किंवा जी यादी वाचली जात आहे तीच मधे बदलते. हा दोष लिहिणाऱ्याच्या यंत्रावर क्वचित दिसतो, घाईने दोनदा टिचकी मारणाऱ्या वापरकर्त्याच्या यंत्रावर दिसतो. अर्थात प्रश्न विचारणारा एक आणि अपुऱ्या उत्तराची किंमत भरणारा दुसरा, असा प्रकार होतो. या चिकित्सेस नुसत्या अध्यापनापलीकडचे महत्त्व येते ते यामुळेच.

दुसरा उपाय कामासाठी वेगळा मदतनीस, म्हणजे निराळा ‘थ्रेड’, ठेवण्याचा. हा उपाय योग्य आहे, मात्र मदतनिसाने खिडकीतील वस्तूंस स्वतः हात लावू नये, निकाल कारकुनाच्या हाती द्यावा, अशी अट आहे. सर्वच थ्रेडांस खिडकी हाताळता येईल असे संच का रचू नयेत, या प्रश्नाचा ऊहापोह सन कंपनीतील ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली केला. वापरणाऱ्याच्या कृती खालून वर, यंत्रणेकडून प्रोग्रामकडे येतात; प्रोग्रामच्या आज्ञा वरून खाली जातात; दोघेही वाटेत कुलुपे लावीत निघाले तर मध्यभागी एकमेकांची वाट अडवून बसतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. जावामधील ‘स्विंग’ हा संच एकट्या कारकुनाच्या तत्त्वावरच उभा आहे. तरीही त्याच्या प्रारंभीच्या अधिकृत पाठांत खिडकीची मांडणी मुख्य थ्रेडमध्येच केलेली असे. पुढे ते पाठ बदलून मांडणीदेखील फेऱ्याच्या स्वाधीन करण्यास सांगण्यात आले. ज्या बाबतीत साधन रचणाऱ्यांस स्वतःचे पाठ सुधारावे लागले, त्या बाबतीत नवशिक्या अडखळला तर नवल कसले?

२०१२ साली सी-शार्प भाषेच्या पाचव्या आवृत्तीने ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द आणले. त्यांमुळे ओळी वरून खाली लिहाव्यात आणि थांबण्याच्या जागी कारकुनास मोकळे सोडावे, हे साधले. ‘केव्हा’साठी भाषेतच शब्द आला, ही मोठी प्रगती होय. पण कारण न समजता तिचा अवलंब करणारा विद्यार्थी ‘अवेट’ऐवजी निकाल जागच्या जागी मागतो, मग कारकून निकालाची वाट पाहतो, निकालाचा उरलेला भाग कारकून मोकळा होण्याची वाट पाहतो, आणि खिडकी कायमची गोठते. जुनाच प्रश्न नव्या वेषात परत आला.

५

येथे एक आक्षेप संभवतो. नवशिक्यास प्रथम खिडकी दिसू द्यावी, आनंद होऊ द्यावा, तत्त्व मागाहून सांगावे. पहिल्याच दिवशी फेरे आणि थ्रेड शिकविल्यास तो पळून जाईल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि पेट्झोल्ड यांच्या ऐंशी ओळी हेच त्याचे प्रमाण. परंतु मागाहून सांगावयाचे ते पुढे सांगितले जात नाही, हा अनुभव आहे. शिवाय दोन काळांचा भेद हे पुढच्या इयत्तेचे तत्त्व नव्हे. ते पहिल्या धड्याचेच तत्त्व आहे, कारण दुसऱ्या धड्यातील सर्व चुका त्याच्या अभावी होतात. त्यास ऐंशी ओळी लागत नाहीत. तीन ओळी पुरतात. मेनलूपच्या आधी एक वाक्य छापावे, बटणाच्या फंक्शनमध्ये दुसरे, मेनलूपच्या नंतर तिसरे. आणि प्रोग्राम चालविण्यापूर्वी विद्यार्थ्यास विचारावे की ही वाक्ये कोणत्या क्रमाने व किती वेळा उमटतील. तिसरे वाक्य खिडकी मिटल्यावरच उमटते आणि दुसरे एकदाही उमटणार नाही किंवा पन्नास वेळा उमटेल, हे ज्याने स्वतः पाहिले, त्यास वरील सहा प्रश्नांची उत्तरे निम्मी तरी आपली आपणच सापडतात.

मराठीतून हा विषय शिकविणाऱ्यांनी परिभाषेकडेही लक्ष पुरविणे इष्ट. ‘इव्हेंट’ या शब्दास ‘घटना’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण मराठीत ‘घटना’ म्हणजे घडलेली गोष्ट, तशीच ‘घटना’ म्हणजे रचना. राज्यघटना हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. जे दोन अर्थ विद्यार्थ्याच्या मनात वेगळे करावयाचे, तेच या एका शब्दात एकत्र नांदतात. याच कारणाने आम्ही येथे ‘रचना’ आणि ‘प्रसंग’ असे दोन शब्द योजिले. कोणी ‘इव्हेंट’ हाच शब्द ठेवला तरी बिघडत नाही. शब्द कोणताही असो, त्याने काळाचा भेद पुसता कामा नये.

व्याकरणाचा आधार घेऊन सांगावयाचे तर, विद्यार्थी सरळ प्रोग्राम कर्तरी प्रयोगात लिहावयास शिकतो : मी विचारतो, मी वाचतो, मी छापतो. खिडकीच्या प्रोग्रामात त्याच्या फंक्शनांस बोलाविले जाते. कर्तृत्व त्याच्याकडून वापरणाऱ्याकडे गेलेले असते, आणि ते जाणेच योग्य आहे. खिडकी वापरणाऱ्यासाठी असते. पाठ्यपुस्तकांनी हे कर्त्याचे स्थलांतर पहिल्या पानावर सांगावे, आणि शिक्षकांनी ‘येथे काय चुकले?’ या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी ‘ही ओळ केव्हा चालते असे तुला वाटते?’ असे उलट विचारावे. पुष्कळदा विद्यार्थी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता देताच पहिला प्रश्न मागे घेतो.